डोळे उघडे ठेवणाऱ्या ताराबाई



हल्ली लक्ष देऊन जगायला सगळेच सांगतात. मोबाईलवर, शिबिरात, कधी आपल्या बचत गटाच्या बैठकीतही सांगतात, डोळे मिटा, श्वासाकडे बघा, मन जाग्यावर आणा. ते चांगलंच आहे. दिवसभर राबलेल्या जिवाला दोन घटका विसावा मिळतो. पण डोळे उघडे ठेवूनही लक्ष देता येतं. रोज समोर घडतं, अंगवळणी पडतं आणि म्हणून दिसेनासं होतं, ते पुन्हा नीट बघायचं. हे काम आपल्याच बुलढाण्याच्या एका बाईने दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. त्यांचं नाव ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म १८५० सालचा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे होते. तेव्हा इकडे मुलींना शाळेत घालायची रीत नव्हती. वडिलांनी लेकीला घरीच शिकवलं. मराठी, संस्कृत, इंग्रजी तिन्ही. लग्न लहानपणीच झालं, पण नवरा घरजावई, म्हणून त्या माहेरीच राहिल्या. घराबाहेरचं जग त्यांना दिसायचं ते जास्त करून वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकांतून.

१८८१ साली सुरतेत एक खटला चालला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला दिवस गेले होते. लोकलाजेपायी तिने जन्मलेलं मूल मारलं. कोर्टाने तिला फाशीची शिक्षा दिली. पुढे अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांतून बायकांच्या वागण्यावर टीकेची झोड उठली. ‘पुणे वैभव’ नावाचं पत्र त्यात पुढे होतं. ही बातमी हजारोंनी वाचली असेल, हळहळ केली असेल, कुणी नावं ठेवली असतील आणि पान उलटलं असेल. ताराबाई तिथेच थांबल्या. त्यांच्या मनात सवाल आला, या बाईवर ही वेळ आणली कुणी? तिच्यासोबतच्या पुरुषाचं काय?

मग त्यांनी भोवताली बघितलं. नवरा मेला की बाईचं कुंकू जातं, बांगड्या जातात, शुभकार्यात तिला मागे उभं करतात. बायको मेली की पुरुष दुसरी करून आणतो. बायकोच्या दुःखात त्याने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये, असा रोकडा सवाल त्यांनी केला. कपट, अविचार असे जे दुर्गुण बायकांच्या माथी मारले जातात, ते एकेक घेऊन पुरुषांमध्ये किती आहेत ते तपासलं. नाटक-कादंबऱ्यांतली बाई खऱ्या बाईसारखी असते का, हेही बघितलं. शास्त्रपुराणांनाही त्यांनी सोडलं नाही.

या सगळ्याचं पुस्तक झालं, ‘स्त्रीपुरुष तुलना’. १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. प्रती ५००. लोकांना ते झोंबलं. तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. नंतर मात्र पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी.

आता आम्ही हे आज का सांगतो? कारण ताराबाईंनी जे बघितलं, ते अजून संपलेलं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ताराबाईंच्या पुस्तकानंतर १४० वर्षांनी! एवढी वर्षं लागली, कारण आपण ते रोज बघत होतो आणि ‘चालायचंच’ म्हणत होतो.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीआधी आठ दिवस एक काम करू या. रोज एकच गोष्ट लक्ष देऊन बघायची. घरात शेवटी कोण जेवतं? त्या वेळी भांड्यात काय उरलेलं असतं? सोयाबीन, कपाशीचा पैसा कुणाच्या हातात येतो? सातबाऱ्यावर नाव कुणाचं? गटातल्या एकल बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं जातं का? लगेच कुणाशी भांडायचं नाही. फक्त बघायचं आणि लक्षात ठेवायचं. लिहिता येत असेल तर वहीत एक ओळ लिहायची, नसेल तर शाळेतल्या लेकीला सांगायची, ती लिहील.

बैठकीत सगळ्या ओळी एकामागून एक वाचू. एकटीची ओळ ‘आमच्या घरची गोष्ट’ वाटते. वीस जणींच्या ओळी सारख्याच निघाल्या, तर ती गावाची गोष्ट होते, आणि गावाची गोष्ट ग्रामसभेत मांडता येते.