बारा तास उजेड, बारा तास अंधार: हा आकडा आला कुठून?

गांजाच्या (कॅनाबिस) बंदिस्त लागवडीवरचा कुठलाही अलीकडचा शोधनिबंध उघडा. पद्धतीच्या भागात दोन आकडे हमखास सापडतात. रोप वाढवायचं असेल तर 18 तास उजेड आणि 6 तास अंधार. फुलोरा हवा असेल तर 12 आणि 12. बहुतेक ठिकाणी या आकड्यांना कारण दिलेलं नसतं, कारण 'सगळे तसंच करतात'. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांनी नेमकं इथेच थांबायला हवं. जी गोष्ट सगळे कारण न देता करतात, तिच्यामागे बहुधा एक इतिहास असतो. या आकड्यांमागेही आहे, आणि त्याची सुरुवात खरोखरच भांगेच्या रोपांपासून होते.

1910 च्या सुमारास पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये ज्युलियाँ तूर्न्वा हा तरुण संशोधक हॉप आणि भांग यांच्यावर काम करत होता. या दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या, आणि दोन्हींत नर आणि मादी झाडं वेगळी. त्याचा मूळ विषय होता वनस्पतींमधलं लिंग. फुलण्याची वेळ हा नव्हे. पण हरितगृहात हिवाळ्याच्या शेवटी पेरलेली रोपं जेमतेम काही पानांची असतानाच फुलायला लागली. असं का होतंय हे पाहण्यासाठी त्याने काही रोपांना रोज फक्त सहा तास उजेड दिला. ती लवकर फुलली. 1912 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि 1914 च्या निबंधात आणखी एक पाऊल पुढे टाकलं. त्याचं म्हणणं असं की, कारण दिवस आखूड होण्यात तितकं नाही, जितकं रात्र लांबण्यात आहे. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तूर्न्वा आघाडीवर मारला गेला. काम तिथेच थांबलं.

हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता अमेरिकेत जाऊ. तिथल्या कृषी खात्याच्या व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन फार्मवर गार्नर आणि ॲलर्ड यांच्यासमोर दोन कोडी होती. पहिलं, 'मेरिलँड मॅमथ' नावाचा तंबाखू. तो उन्हाळ्यात माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर वाढायचा, पण शेतात फुलायचाच नाही. हिवाळ्यात हरितगृहात मात्र लहान रोपंसुद्धा फुलायची. दुसरं कोडं 'बिलॉक्सी' सोयाबीनचं. ते थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलं, तरी सगळं जवळपास एकाच वेळी, सप्टेंबरात फुलायचं. तापमान, प्रकाशाची तीव्रता, खत अशी एकेक शक्यता तपासून त्यांनी बाजूला सारली. उरली दिवसाची लांबी, जी त्या काळात अनेकांना विचित्र वाटणारी कल्पना होती. जुलै 1918 मध्ये त्यांनी एक साधी अंधारी खोपटी बांधली आणि काही कुंड्या दुपारी 4 वाजता आत ठेवून सकाळी 9 वाजता बाहेर काढायला सुरुवात केली. खोपटीतला तंबाखू फुलला, बाहेरचा नुसताच वाढत राहिला. 1920 च्या निबंधात त्यांनी 'फोटोपिरिऑडिझम' हा शब्द दिला आणि वनस्पतींची विभागणी केली: लघुदिन, दीर्घदिन आणि दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेल्या.

नावं रुजली, आणि अडचण तिथेच झाली. 'लघुदिन' म्हटलं की आपण गृहीत धरतो की झाड दिवस मोजतं. पण जरा विचार करा. 24 तासांच्या चक्रात दिवस आखूड केला की रात्र आपोआप लांब होते. दोन गोष्टी एकत्रच बदलतात, मग परिणाम कुणाचा हे सांगणार कसं? नेहमीच्या वेळापत्रकात राहून हा प्रश्न कितीही प्रयोग केले तरी सुटत नाही. त्यासाठी वेळापत्रकच मोडावं लागतं.

ते काम 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी केलं. त्यांचं झाड होतं झँथियम, म्हणजे कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांचं ते तण. त्याची सोय अशी की एकच पुरेशी लांब रात्र मिळाली तरी ते फुलोऱ्याकडे वळतं. त्यांनी 4 तास उजेड आणि 8 तास अंधार असं चक्र दिलं. दिवस अगदी आखूड, तरी फुलं नाहीत. मग 16 तास उजेड आणि 32 तास अंधार दिला. दिवस लांब, तरी फुलं आली! पुढे त्यांनी लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला, अगदी एक मिनिटसुद्धा, आणि फुलोरा थांबला. दिवसाच्या मध्ये अंधार केला तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे झाड मोजत होतं ती रात्र. तूर्न्वाचं ते वाक्य चोवीस वर्षांनी खरं ठरलं होतं. तोवर 'लघुदिन' हे नाव मात्र पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं होतं आणि आजही तिथेच आहे.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण नाही. झाड नुसतं रात्रीचे तास मोजत असेल, तर रात्र जितकी लांब तितकी फुलं जास्त यायला हवीत. 1958 मध्ये नंदा आणि हॅम्नर यांनी बिलॉक्सी सोयाबीनवर हे तपासलं. उजेड कायम 8 तास ठेवायचा आणि अंधार वाढवत न्यायचा, अगदी 72 तासांच्या चक्रापर्यंत. निकालाचा आलेख चढत गेला नाही, तो लाटेसारखा वरखाली झाला. चक्र 24, 48 आणि 72 तासांच्या आसपास असताना फुलं भरपूर, 36 आणि 60 च्या आसपास अगदी कमी. थोडक्यात, आत एक घड्याळ चालू असतं, आणि घड्याळाच्या कुठल्या काट्यावर उजेड किंवा अंधार पडतो यावर सगळं ठरतं. ही कल्पना जर्मनीच्या ब्यूनिंगने 1936 मध्येच मांडली होती, पण तिला मान्यता मिळायला बराच काळ गेला.

हे सगळं कागदावरचंच आहे असं समजू नका. आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणारे शेतकरी रात्री दिवे लावतात, ते याच कारणाने. शेवंतीला लांब रात्र मिळू दिली नाही की दांडा हवा तेवढा वाढवता येतो. खरिपात सोयाबीनची पेरणी लांबली की झाडं लहान असतानाच फुलतात, तेही याचंच रूप.

आता पुन्हा गांजाकडे. ज्या झाडाने या शास्त्राला सुरुवात करून दिली, त्याच्यावरच पुढची अनेक दशकं कायद्यांमुळे फारसं खुलं संशोधन झालं नाही. ज्ञान लपूनछपून लागवड करणाऱ्यांच्या हाती राहिलं, आणि 12-12 हा त्यांचा सुरक्षित आकडा होता: इतकी लांब रात्र दिली की जवळपास कुठलंही लघुदिन वाण फुलतं. पण 'नक्की चालतं' आणि 'सर्वात चांगलं' यात फरक आहे. कॅनडात 2018 मध्ये कायदा बदलल्यावर गेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासायला घेतलं. काही वाणं 12 तासांहून लांब दिवसातही फुलतात असं दिसलं. पुढे 12 ऐवजी 13 तास उजेड दिल्यावर उत्पादनही लक्षणीय वाढलं. (भारतात ही लागवड एनडीपीएस कायदा, 1985 खाली येते, परवान्याशिवाय हे काम करता येत नाही. घरच्या घरी करून बघायची ही गोष्ट नाही.)

हाच निकाल घेऊन एक सराव करा. 12 चे 13 तास केले तेव्हा काय काय बदललं? दिवस लांबला, रात्र आखूड झाली, आणि झाडाला रोज मिळणारा एकूण प्रकाशही सुमारे 8 टक्के वाढला. उत्पादन यातल्या कशामुळे वाढलं? एकूण प्रकाशाचा वाटा वेगळा काढायचा तर दिव्यांची तीव्रता कमी करून दोन्ही गटांना दिवसाचा प्रकाश सारखा द्यावा लागेल. रात्रीचा वाटा वेगळा काढायचा तर 24 तासांचं चक्र सोडावं लागेल, पण मग नंदा आणि हॅम्नर यांची लाट आडवी येईल. एका प्रयोगात हे सगळं बसत नाही. कोणता प्रश्न आधी विचारायचा हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि का ते लिहावं लागतं. प्रस्तावाची मुलाखत घेणारे बहुतेक वेळा नेमकं तेच विचारतात.