प्लेगच्या जंतूला ऊब कशी कळते?



सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि मोठ्या अरिष्टाची चाहूल लागली. पुढच्याच वर्षी रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले या रोगाला बळी पडल्या. त्या काळी उंदीर पडू लागले, की माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. त्यांचे काही चुकत नव्हते. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले, की उंदरावरची पिसू हा रोग पसरवते.

पण एक कोडे उरलेच. पिसूचे अंग भोवतालच्या हवेइतकेच गार असते. माणसाचे ३७ अंश गरम. पिसवेत जंतूला लढायचे नसते, माणसात मात्र रक्तातील पांढऱ्या पेशींशी गाठ असते. डोळे ना मेंदू, मग आपण माणसात शिरलो हे त्याला कळते कसे?

जंतूच्या जनुकाची प्रत आरएनए नावाच्या धाग्यावर उतरते आणि तिच्यावरून प्रथिन बनते. आरएनए म्हणजे नुसता निरोप्या, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. १९९३ साली अमेरिकेतील दोन संशोधकांना आढळले, की प्लेगच्या जंतूत हत्यारे चालू करणाऱ्या एका प्रथिनाचा निरोप गारव्यातही तयार असतो, पण त्यावरून प्रथिन भरपूर बनते ते उबेतच. पुढच्या प्रयोगांतून कारण उलगडले. गारव्यात हा धागा स्वतःवरच दुमडतो आणि निरोप वाचण्याची जागा घडीत झाकली जाते. थंडीत थिजलेले खोबरेल उबेला पातळ व्हावे, तशी ३७ अंशांना ती घडी सुटते. म्हणजे निरोप्याच्याच अंगी तापमापक!

१९९४ साली सुरतेत प्लेगची आवई उठली. आपल्या रावेर तालुक्यालगतची तापी जेथे सागराला मिळते, तेच हे सुरत. लाखो माणसे गाडी मिळेल तिकडे पळाली. जंतूपेक्षा भीतीच वेगाने धावली. आज वेळीच औषध घेतले तर प्लेग बरा होतो. मेलेल्या उंदराला उघडा हात लावू नये, घराभोवती उंदरांना थारा देऊ नये आणि ताप येऊन गाठ उठली तर दवाखाना गाठावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना एवढे अवश्य सांगा: शत्रूची रीत कळली, की भीती निम्मी होते.