फळी, स्टोव्ह आणि एसी

परवा मावसभावाच्या मुलाचा फोन आला. हेवी लायसन्स हातात पडून जेमतेम महिना झालेला, आणि उन्हाळ्यापुरतं सुरगाण्याकडे पाण्याच्या टँकरवर काम मिळालेलं. "काका, पहिल्यांदाच गाडीत मुक्काम आहे. सोबत काय काय नेऊ?"

आता मी आयुष्यात स्कूटरच्या पुढे गेलेलो नाही! पण आमच्या घरात टँकर चालवलेला एकच माणूस होता, माझा मामा. तो आता नाही, आणि त्याच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर देता देता मीच जुन्या गोष्टींत शिरलो.

सुरगाण्याला पाण्याचा टँकर, हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. पावसाळ्यात तिथे डोंगर दिसत नाहीत इतका पाऊस. पण कातळावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. नार आणि पार नद्यांतून पाणी पश्चिमेला गुजरातकडे वाहून जातं आणि एप्रिल-मे महिन्यांत पाड्यावरच्या विहिरी तळ दाखवतात. मग टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो आणि बाया ते पोहऱ्याने शेंदून घेतात. टँकर भरायचा तर मोटर चालायला हवी आणि मोटर चालायला वीज हवी. वीज रात्री आली तर गाडी रात्री भरायची. म्हणजे ड्रायव्हरचं घर, बिछाना, स्वयंपाकघर सगळं एकच. केबिन.

ही केबिन मुळात आली कुठून? टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. हा करार १९६९ पर्यंत चालला. तेव्हा आणि नंतरही कितीतरी वर्षं कारखान्यातून बहुतेक ट्रक बाहेर पडायचे ते नुसत्या सांगाड्याच्या रूपात. चेसिस, इंजिन, पुढचा पत्रा, स्टेअरिंग, बस्स. केबिन बांधायची ती गावातल्या सुतार-लोहारांनी, मालकाच्या खिशाप्रमाणे. लाकडाची चौकट, वर पत्रा, सीटमागे एक आडवी फळी. ड्रायव्हरचा पलंग म्हणजे ती फळी.

मामा सत्तरच्या दशकात तेलाच्या टँकरवर होता. तो सांगायचा, इंजिनाचा अर्धा भाग केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. त्यावर झाकण घातलेलं असायचं, पण धग थांबायची नाही. उन्हाळ्यात डावी पोटरी भाजून निघायची. तो त्या बाजूला ओलं गोणपाट टाकायचा. पॉवर स्टेअरिंग नव्हतं, त्यामुळे घाट उतरला की खांदे बोलायला लागायचे. त्याच्या सीटवर मामीने शिवलेली गोधडी असायची. आरशाला गोंडा, समोर देवाची तसबीर. लोक त्याला ट्रकवाल्यांची हौस म्हणतात. मला आता वाटतं, ते घर होतं. दुसऱ्या कुणी बांधून दिलं नाही म्हणून त्यांनी स्वतः सजवलेलं.

यातली गंमत अशी, की त्याच गाडीच्या टाकीवर सरकारचं बारीक लक्ष होतं. पेट्रोलियम नियम आधी १९७६ चे, मग २००२ चे. परवाना देणारं स्फोटक खातं, त्याचं मुख्यालय नागपूरला. वायर कशी हवी, बॅटरी कुठे हवी, एक्झॉस्ट कुठून काढायचा, आग विझवायचं यंत्र, सगळं लिहून ठेवलेलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येण्याची अट घातली. हे सगळं योग्यच. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून निघणारा टँकर गावातून जातो, तेव्हा ते नियम आपल्यालाच वाचवतात.

माणसासाठी कायदा नव्हता असंही नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतीची खोली, हे सगळं होतं. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. एक गाडी, एक मालक, एक ड्रायव्हर अशा संसाराला कोण विचारतो? मामाला विश्रांतीची खोली माहीत नव्हती. फळी माहीत होती.

मग काळ बदलला. १९९८ पासून व्होल्वोचे ट्रक भारतात बनू लागले आणि वातानुकूलित केबिन लोकांनी डोळ्यांनी पाहिली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली, की १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी हवाच. स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षांनी का होईना, ड्रायव्हरचा घाम कागदावर आला.

पण नियम नव्या गाड्यांना. नवा ट्रक आधी महामार्गावर धावतो, मग जिल्ह्यात येतो, आणि अगदी थकला की त्यावर टाकी चढवून त्याला पाण्याला लावतात. म्हणजे तो एसी पाड्यावरच्या पाण्याच्या टँकरपर्यंत पोहोचायला अजून कितीतरी उन्हाळे जातील. आमच्या पोराच्या वाट्याला आलेली गाडी त्याच्यापेक्षा फार लहान नसावी!

म्हणून मी त्याला यादी सांगितली ती मामाच्या काळचीच. डॅशवर लावायचा छोटा पंखा. जाड गादी, सुती चादर, मच्छरदाणी. पिण्याच्या पाण्याचा वेगळा कॅन, कारण पाण्याच्या टँकरवरचा माणूसच तहानलेला राहतो. टॉर्च, जॅक, पाने, टॉमी, आणि चढावर चाकाखाली लावायला दोन लाकडी गुटके. स्टोव्ह न्यायचा तर पेटवायचा खाली उतरून, केबिनमध्ये कधीच नाही. पुढे तेलाच्या टँकरवर गेलास तर तो घरीच ठेवायचा.

आणि एक गोष्ट यादीबाहेरची. अर्धी भरलेली टाकी घाटात पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि ब्रेक मारला की मागून ढकलतं. तेव्हा वळणाच्या आधीच वेग कमी कर. आणि झोप आली की गाडी थांबव, मग मालकाचे कितीही फोन येवोत.

तो म्हणाला, "काका, मागे फळी आहे, पण माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे."

मामाचीही आखूडच होती. तो पाय दुमडून झोपायचा. म्हातारपणी घरच्या पलंगावरही तो तसाच झोपायचा, गुडघे पोटाशी घेऊन. मामी म्हणायची, सवय आहे हो त्यांची.

मी पोराला म्हटलं, आधी सुतार गाठ. फळी वीतभर वाढवून घे, पैसे मी पाठवतो.