गारठा सोसणाऱ्या रोपांची कुळकथा

माशाचं जनुक टोमॅटोत घातल्याची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तसा प्रयोग खरोखर झाला. तो टोमॅटो बाजारात मात्र कधीच आला नाही. तरी थंडी सोसणाऱ्या पिकांचा विषय निघाला की तोच आठवतो, याची खंत वाटते. थंडी सोसण्याच्या तंत्राची खरी पाळंमुळं वनस्पतींच्याच अंगी आहेत.

राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य. उबेत वाढलेलं त्याचं रोप उणे 5 अंशांच्या आसपास मरतं. तेच आधी गारव्यात ठेवून सरावलं, तर उणे 30 अंशांपर्यंत तग धरतं. एरवी बर्फ पेशींच्या बाहेर धरतो, आतलं पाणी ओढून घेतो आणि पेशीचं पटल निकामी होतं. बर्फ वितळला की पान उकडलेल्या पालेभाजीसारखं लुळं पडतं.

मग गारव्यात रोप करतं तरी काय? मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल थॉमाशो यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा रोपात याचा माग काढला. गारठा लागताच त्यात कितीतरी जनुकं जागी होतात. त्यांतल्या एकालाच बळ देऊन पाहिलं, तर गुण थोडाच आला. तेव्हा या सगळ्यांना उठवतं कोण, याचा शोध सुरू झाला. 1997 मध्ये ‘सीबीएफ1’ हे जनुक हाती लागलं. पुढच्याच वर्षी ते कायम जागं ठेवलेली रोपं, गारव्याचा कसलाही सराव न देता, उणे 5 अंशांत ठेवली. साधी रोपं मेली, ही जगली.

पण कायमच्या जागरणाने रोपं खुरटतात. जपानमध्ये काझुको यामागुची-शिनोझाकी यांच्या गटाने याच कुळातली जनुकं स्वतंत्रपणे शोधली होती. त्यांनी 1999 मध्ये तोड काढली: जनुक ताण आला तरच जोरात चालेल अशी व्यवस्था केली. रोपं थंडीत टिकली, वाढही फारशी अडली नाही. मला या साऱ्या कामात हीच करामत सर्वांत मोलाची वाटते.

टोमॅटोतही सीबीएफ जनुकं आहेत, त्यांतलं सीबीएफ1 गारठ्यात जागंही होतं. पण त्याच्या हाकेला ओ देणारी जनुकं फारच थोडी. त्यामुळे टोमॅटोचं स्वतःचं सीबीएफ1 वाढवूनही तो गोठवणाऱ्या थंडीत टिकला नाही.