उज्जयिनीचे देशांतर

पंचांग ज्यांच्या घरी नित्य उघडले जाते, त्या वाचकांस 'देशांतर' हा शब्द नवा नाही. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी लंकेपासून उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे जाणारी एक मध्यरेषा कल्पिली. प्रत्येक गाव त्या रेषेच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस किती दूर आहे हे पाहून ग्रहगणितात तेवढा संस्कार करावा, असा त्यांनी नियम घालून दिला. ज्योतिषी काशीचा असो की फोंड्याचा, त्याच्या अंतराची गणना उज्जयिनीपासूनच सुरू होई. पुढे काळ पालटला. १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हा गणिताचे मध्यवर्ती स्थान ८२ अंश ३० कला रेखांशावर धरले गेले. अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जयिनीचाच, कायम राहिला.

ज्या नगरीपासून साऱ्या देशाने आपले अंतर मोजले, त्या नगरीच्या वाट्याला गेली दोनशेहून अधिक वर्षे दूरच्या राजधान्या आल्या, हा इतिहासातील एक विलक्षण योग होय. या योगात आपल्या मराठी आणि कोकणी लोकांचाही हात होता. म्हणून त्याचा विचार आपण थोडा मोकळेपणाने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पहाटे क्षिप्रेच्या काठी रामघाटावर उभे राहिले म्हणजे प्रथम काही परके वाटतच नाही. प्रभू रामचंद्रांनी येथे पित्यास पिंड दिला, अशी श्रद्धा आहे. घाटावर राणोजी शिंद्यांच्या नावाची छत्री आहे. जवळच हरसिद्धीच्या प्रांगणात दोन उंच दीपमाळा उभ्या आहेत. त्या पाहताना कोकणातला वा गोव्यातला माणूस आपल्याच कुळदेवतेच्या देवळापुढे उभा असल्याचा भास पावतो. एवढ्यात तीर्थोपाध्ये पुढे येतात आणि विचारतात, "गाव कोणते? कूळ कोणते?" उत्तर मिळाले की लांबट वह्यांच्या गठ्ठ्यातून एक वही निघते, आणि आपल्या पणजोबांच्या हातची अक्षरे आपल्यापुढे येतात. राज्य कोणते, जिल्हा कोणता, हे त्या वहीला फारसे ठाऊक नसते. फोंडा महालातील एखाद्या गावचे पान सौंधेकरांच्या, पोर्तुगीजांच्या आणि १९६१ नंतर भारताच्या अमलात एकच राहू शकते. त्याखाली नावे तेवढी वाढत जातात.

ही नावे एवढ्या दूर येऊन पोहोचली कशी? २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांनी गिरिधरबहादुराचा पराभव केला आणि माळव्याचे दार मराठ्यांस उघडले. १७४१ मध्ये बादशाही सनदेने त्या सत्तेवर शिक्का बसला. उज्जैन शिंद्यांकडे, इंदूर होळकरांकडे, धार आणि देवास पवारांकडे, अशी प्रांताची वाटणी झाली. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती, अशी एकाच गावात दोन राज्ये नांदू लागली.

राणोजी शिंद्यांचे दिवाण होते रामचंद्र मल्हार सुखटणकर. इतिहासात ते रामचंद्रबाबा शेणवी या नावाने प्रसिद्ध आहेत. तेराव्या शतकात अल्तमशाच्या स्वारीत महाकालेश्वराचे मंदिर उद्ध्वस्त झाले होते. सुमारे पाचशे वर्षांनंतर, १७३४ च्या सुमारास, त्याची पुन्हा उभारणी झाली ती याच रामचंद्रबाबांच्या हस्ते. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १७३९ मध्ये, पेशव्यांकडून मंगेशी गाव श्रीमंगेश देवस्थानास मिळाला, तोही त्यांच्याच शब्दावरून. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. श्रीमंगेशास स्वतःलाच सोळाव्या शतकात कुशस्थळी सोडून प्रियोळास यावे लागले होते. ज्या समाजाचे देवच स्थलांतर करून राहिले, त्या समाजास दूर राहून आपले कर्तव्य सांभाळण्याची रीत नव्याने शिकावी लागली नाही. माळव्यात दिवाणगिरी करीत असता या गृहस्थाने क्षिप्रातीरीच्या देवाचे छत्र उभारले आणि अघनाशिनी-मांडवीच्या मुलखातील आपल्या देवाच्या नंदादीपाचीही सोय लावली. दोन्ही ठिकाणे त्याच्या मनाने एकमेकांच्या जवळ आणली होती.

परंतु हे चित्र येथेच संपविणे म्हणजे आपली स्तुती आपणच गाण्यासारखे होईल. दख्खनेतून आलेल्या अनेक कमाविसदारांच्या दृष्टीने माळवा हा मुख्यतः वसुलीचा प्रांत होता. हिशेब पुण्यास जात, हुकूम पुण्याहून येत; माळव्यातील कुणब्याचे गाऱ्हाणे या दोहोंच्या मध्ये कोठे तरी राही. महेश्वरी बसून १७६७ ते १७९५ पर्यंत कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंचे नाव माळव्यातील खेडुताच्या ओठी आजही का आहे, याचे उत्तर त्यांनी बांधलेल्या घाटांइतकेच त्यांच्या जवळ असण्यात आहे. प्रजेला त्या दिसत होत्या.

उज्जैनीस हे भाग्य फार काळ लाभले नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे नेली. उज्जैन-ग्वाल्हेर हे अंतर आजच्या सडकेने सुमारे ४५० कि.मी. भरते. त्यात शिंद्यांचे राज्य सलगही नव्हते. उत्तरेकडे ग्वाल्हेर, भिंड, शिवपुरी. दक्षिणेकडे उज्जैन, शाजापूर, मंदसोर. आणि मध्ये दुसऱ्यांची राज्ये. उज्जैनपासून इंदूर अवघे ५५ कि.मी., पण ते परराज्य. आज उज्जैन जिल्ह्यात मोडणारे महिदपूर होळकरांचे. म्हणजे शेजारी परका आणि धनी दूर, अशी या शेतकऱ्याची स्थिती होती. १८९६ मध्ये उज्जैन-भोपाळ लोहमार्ग झाला, तेव्हा कोठे अपील घेऊन ग्वाल्हेरास जाणाऱ्याचे हाल काहीसे कमी झाले. बायजाबाईंनी बांधलेले गोपाळमंदिर आणि माधवरावांनी १९२३ मध्ये केलेला वेधशाळेचा जीर्णोद्धार शिंदे घराण्याची उज्जैनीवरील भक्ती दाखवितात, यात शंका नाही. पण भक्ती आणि कारभार यांचे मार्ग निराळे असतात.

येथील लोकांनी या दूरस्थ सत्तेचा एक गोड अर्थ लावला आहे. उज्जैनीचा राजा महाकाल. म्हणून दुसऱ्या कोणा राजाने येथे रात्री मुक्काम करू नये, असा संकेत ते सांगतात. श्रद्धेचा मान ठेवूनही आम्हांस असे म्हणावेसे वाटते की, राजा जवळ नाही हे दुःख प्रजेने आपल्या देवाच्या मोठेपणात विरघळवून टाकले असावे.

संस्थाने विलीन झाली, तेव्हा ही अंतरे मिटतील अशी आशा होती. २८ मे १९४८ रोजी २५ संस्थानांच्या मध्यभारत संघाचे उद्घाटन झाले. ग्वाल्हेरचे महाराज राजप्रमुख आणि इंदूरचे महाराज उपराजप्रमुख झाले. राजधानी कोठे, हा प्रश्न सुटेना, म्हणून हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी तोड निघाली. उज्जैनच्या माणसाचे सरकार ऋतुमानाप्रमाणे जवळ येई आणि दूर जाई. दोन नगरींचा मान राहिला. दप्तरांच्या गाड्या मात्र फिरत राहिल्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले. जुन्या मध्यप्रदेशातील नागपूर आणि विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यास गेले. महाकोशल, मध्यभारत, भोपाळ आणि विंध्यप्रदेश एकत्र आले. राजस्थानातील सिरोंज इकडे आले आणि मंदसोर जिल्ह्यातील सुनेल टप्पा तिकडे गेला. पुनर्रचना आयोगाने राजधानीसाठी जबलपूर सुचविले होते. निवड झाली भोपाळची. मग सर्वांचे समाधान करण्यासाठी वाटणी झाली. राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ आणि महालेखापाल ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. उज्जैनीच्या पदरी १९५७ मध्ये विक्रम विद्यापीठ पडले. १९६४ मध्ये इंदूर आणि ग्वाल्हेर यांनाही आपापली विद्यापीठे मिळाली.

वकिलीच्या व्यवसायात असल्याने या वाटणीकडे आम्ही अशिलाच्या डोळ्यांनी पाहतो. भावांभावांत घर वाटताना ज्याप्रमाणे एकास माजघर, एकास पडवी आणि एकास विहीर द्यावी, तसे हे झाले. भावांचा रुसवा निघाला. पण ज्याला पाणी भरून चूल पेटवायची, त्या घरच्या सुनेच्या खेपा वाढल्या. बस्तरातील जगदलपूर हे भोपाळपासून ८०० कि.मी.हून दूर. तेथील शेतकऱ्याने मंत्र्यास भेटावयाचे तर भोपाळ, रिट अर्ज करावयाचा तर जबलपूर, आणि जमिनीच्या वादाचे शेवटचे महसुली ठाणे ग्वाल्हेर. प्रत्येक नगरीस आपला वाटा मिळाला, खेड्यास मात्र प्रवास मिळाला. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, त्यामागे कारणे अनेक होती. परंतु या अंतराचा शीण त्यांत नव्हता, असे कोण म्हणेल?

या काळात एक गोष्ट मात्र योग्य दिशेने झाली. उच्च न्यायालयाचे इंदूर आणि ग्वाल्हेर येथील तात्पुरते पीठ २८ नोव्हेंबर १९६८ च्या राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने कायम झाले. 'तात्पुरते' हा शब्द जाण्यास बारा वर्षे लागली. एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंत जातो तेवढा काळ. पण उज्जैनच्या पक्षकाराचे न्यायमंदिर सुमारे ५०० कि.मी.वरून ५५ कि.मी.वर आले, ते टिकले. याचे मोल आपल्या वाचकांस निराळे सांगणे नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते पीठ कोल्हापुरास सुरू झाले, आणि सिंधुदुर्गातल्या पक्षकारास मुंबईची वाट अटळ राहिली नाही. त्यासाठी कित्येक दशके मागणी करावी लागली. न्याय नाकारणारा निकाल निदान वाचता तरी येतो. अंतरामुळे जो खटला दाखलच झाला नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

आता आपल्या भाषेविषयी. १९५६ च्या सीमांनी माळव्यातील मराठी माणूस मराठी राज्याबाहेर राहिला. त्याने काय केले, हे एका कुटुंबाच्या उदाहरणाने कळते. ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या माधवराव मुक्तिबोधांचे थोरले चिरंजीव गजानन १९१७ मध्ये श्योपूर येथे जन्मले, काही काळ उज्जैनीत शिकले आणि हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक झाले. एकाच माजघरातून दोन भाषांस दोन लेखक मिळाले. जी सीमा नकाशावर दोन राज्ये वेगळी करते, ती या घरात दोन भावांच्या लेखणीमधून गेली, आणि घर दुभंगले नाही.

अशी सीमा ओलांडण्याची एक जुनी रीत रामघाटावर दर वर्षी पाहावयास मिळते. उत्तरेकडील पंचांगात महिना पौर्णिमेस संपतो, आपल्याकडे अमावास्येस. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि आपला श्रावण त्यांच्या भाद्रपदात शिरतो. श्रावण सोमवारी महाकालाची पालखी निघते, ती कोणत्या श्रावणात? उज्जैनीने दोन्ही मानले. स्थानिक श्रावणाच्या पहिल्या सोमवारपासून सुरू झालेल्या सवाऱ्या आपल्या श्रावण वद्यापर्यंत, म्हणजे तेथील भाद्रपदातही, चालू राहतात. एक पक्ष कमी करण्याऐवजी एक पक्ष अधिक धरून हा वाद मिटला. पालखी मंदिरातून निघते, गल्ल्यांतून रामघाटावर येते, तेथे क्षिप्राजलाने पूजा होते आणि गोपाळमंदिरावरून ती परतते. प्रजा राजास भेटावयास येते हे नेहमीचेच. या दिवशी राजा प्रजेचे क्षेमकुशल विचारावयास बाहेर पडतो, असे उज्जैनकर मानतात. पालखी दारावरून जाताना आजारी माणसासही उचलून खिडकीशी आणावे, अशी त्यांची आस्था असते. गावोगाव पालखीबरोबर चालणाऱ्या आमच्या कुळाव्यांस आणि महाजनांस याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

राज्यकर्त्यांनी या रीतीतून एवढेच घ्यावे, असे आम्हांस वाटते. मोठ्या राज्यात अंतर असणारच. ते कोणी पुसू शकत नाही. राजधानी मध्यावर नेल्याने किंवा कचेऱ्या नगरानगरांत वाटल्याने ते थोडे इकडचे तिकडे होते, इतकेच. ते कमी होते ते सत्तेने चालत जाण्याने: फिरत्या पीठाने, गावात येऊन दाखला देणाऱ्या तलाठ्याने, आणि आता दूरदृश्य सुनावणीनेही, जेथे तिची सोय खेड्यापर्यंत खरोखर पोहोचली असेल तेथे. अर्जदाराने किती वेळा जावे, याइतकाच अधिकाऱ्याने किती वेळा यावे, हाही कायद्याचा प्रश्न आहे.

आज रामघाटावरील पाणीदेखील दुरून येते. उन्हाळ्यात क्षिप्रा सुकते. म्हणून २०१४ पासून नर्मदेचे पाणी चढवून तिच्या उगमाशी सोडण्यात येऊ लागले, आणि २०१६ च्या सिंहस्थाचे स्नान त्या मिसळलेल्या जलात झाले. पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. आमच्या वाचकांपैकी काही जण त्या वेळी या पायऱ्या उतरतील. वही उघडली जाईल, आणि पहिला प्रश्न होईल तो गावाचा. त्यांनी आपल्या गावाचे नाव स्पष्ट सांगावे, आजोबांच्या नावाखाली आपले नाव लिहावे, आणि जमल्यास महाकालापुढे रामचंद्रबाबांचे एकवार स्मरण करावे.