दाखल-खारीज

धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी येथे एसटीतून उतरून आम्ही दोघे जवळच्या एका खेड्याच्या वाटेला लागलो, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. खेड्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या परिसरातील कोणतेही खेडे चालेल. सोबत आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ होते. त्यांचे बिऱ्हाड फार वर्षांपूर्वी शहरात आले. आता मुलीच्या कसल्याशा प्रमाणपत्रासाठी त्यांना दिवंगत वडिलांच्या शाळेचा उतारा हवा होता. आपल्यातील किती कुटुंबांना असा फेरा पडला आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा १९५०चा आदेश निघाल्यापासून शाळेच्या वहीत 'धर्म व जात' या रकान्यात मास्तरांनी कोणता शब्द लिहिला, यावर पुढल्या पिढ्यांचे बरेच काही अवलंबून राहिले आहे.

मुख्याध्यापकांनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेले बाड काढले. "साल तरी सांगा," ते म्हणाले. साल कोणालाच ठाऊक नव्हते. मग पान पान उलटणे आले. तासाभराने नाव सापडले. दाखल झाल्याचे साल १३५३ असे लिहिले होते. हा निजाम सरकारचा फसली सन. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४३-४४. त्याच ओळीत शाळा सोडल्याची तारीख मात्र इसवी सनातील, पोलीस ॲक्शननंतरची. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाले, त्याची एवढीच खूण त्या पानावर होती. राज्य बदलले, सन बदलला, आणि तिसरीतले एक पोर शाळेतून गेले. कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते: 'सतत गैरहजर'.

मुख्याध्यापक आता उताऱ्याचा छापील नमुना भरू लागले. नाव, जात, जन्मतारीख अंकी व अक्षरी, दाखल, खारीज हे सारे त्यांनी जुन्या वहीवर बोट ठेवून काळजीपूर्वक उतरवले. पुढे 'प्रगती' आणि 'वर्तणूक' असे दोन रकाने होते. जुन्या वहीत त्याविषयी अक्षरही नव्हते. त्यांनी क्षणभरही न थांबता दोन्हीकडे 'चांगली' असे लिहिले आणि शिक्का उमटवला. त्यांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही तेच दोन शब्द आहेत, आणि चौथीत गणितात मी काय दिवे लावले होते ते मला ठाऊक आहे.

बाहेर आल्यावर गृहस्थ उतारा वाचत उभे राहिले. "फादर," ते म्हणाले, "आमचे वडील तर जन्मभर अंगठा करायचे."

हे वाक्य मनातून जाईना. तीन इयत्ता, प्रगती चांगली, आणि अंगठा! कागदाने मुलाची जात सांभाळली, जन्म सांभाळला, गेल्याचा दिवस सांभाळला. त्याला वाचता येत होते की नाही, एवढेच सांभाळले नाही. असे का व्हावे याचा शोध घेऊ गेलो तेव्हा फार मागे जावे लागले.

नोंदवह्या हा आम्हा धर्मगुरूंचा नित्याचा व्यवहार. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूने विवाहाची वही ठेवावी असा दंडक घातला, आणि स्नानसंस्काराच्या वहीत धर्ममातापित्यांची नावे लिहायला सांगितले. पण शिकणाऱ्याची प्रगती वहीत मांडण्याचा विचार ज्यांनी बारकाईने केला, ते येशूसंघीय. त्यांचा 'रात्सिओ स्तुदिओरूम' हा शिक्षणनियमांचा ग्रंथ १५९९ साली सिद्ध झाला. त्यांच्या शाळा प्राथमिक नव्हत्या, लॅटिन व्याकरणाच्या होत्या. खालच्या वर्गांच्या शिक्षकाने वर्षारंभी विद्यार्थ्यांची वर्णानुक्रमे यादी करून प्रमुखाकडे द्यावी, वर्षभरात गरजेप्रमाणे ती दुरुस्त करावी, आणि वार्षिक परीक्षेआधी प्रत्येकाची प्रतवारी करावी, असा त्यात नियम आहे. प्रती सहा: उत्तम, चांगला, मध्यम, संशयास्पद, त्याच वर्गात ठेवण्याजोगा आणि शाळेतून निरोप देण्याजोगा. शब्दांऐवजी एक ते सहा आकडे घातले तरी चालतील, अशी मुभाही आहे. सेमिनरीत हा नियम प्रथम वाचला तेव्हा मला तो रुक्ष वाटला होता. आज वाटते, 'संशयास्पद' ही प्रत ठेवणारा माणूस प्रामाणिक होता. आपल्याला या मुलाचे अजून नीट कळलेले नाही, हे लिहायला त्याने जागा ठेवली.

आपल्याकडे जुन्या काळी परीक्षा कानांनी होत असे. १८५२ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या मुलींच्या शाळेची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा मुली वाचतात की नाही हे जमलेल्या लोकांनीच ऐकले. पण लवकरच परीक्षेला पैशाची गाठ पडली. इंग्लंडात १८६२च्या सुधारित नियमांनी मुलामागे मिळणारे सरकारी अनुदान वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर ठरू लागले. मूल एका विषयात नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा तपासनीस होते, आणि या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होते असे ते सांगत राहिले. त्याच दशकात मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची रीत आली आणि मिशनच्या शाळाही तिच्यात सापडल्या. तपासनीस येणार म्हटले की गुरुजींनी पुस्तक पाठ करून घ्यायचे. पुस्तक उलटे धरले तरी मुले घडाघडा 'वाचत', असे आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही हसत हसत ऐकले आहे. त्यात किती खरे, किती रचलेले, कोण जाणे.

मराठवाडा या इलाख्याबाहेर होता. येथे निजामाचे राज्य, दरबाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वर जायचे तर परक्या लिपीतून जावे लागे. १९२१ साली याच जिल्ह्यात हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले, त्यामागे ही कोंडी होती. आमच्या गृहस्थांच्या वडिलांसारख्यांपर्यंत मात्र यातले काही पोहोचले नाही. ढोरांमागे किंवा सुगीला गेलेल्या मुलापुढे हजेरीपटावर रोज एक फुली पडत राहिली, आणि फुल्या पुरेशा झाल्यावर नाव कमी झाले.

१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा वाढल्या, वह्याही वाढल्या. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे वय जूनच्या प्रवेशाला बसवण्यासाठी गुरुजी सर्रास '१ जून' लिहीत; आमचे गृहस्थही एक जूनचेच. पुढे पटावर शिक्षकांची पदे ठरू लागली तसे पटाचे महत्त्व इतके वाढले की, ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी करून मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली. आरंभ आपल्या मराठवाड्यातच, नांदेडला झाला होता. वहीत असलेली लाखो मुले वर्गात नव्हती. आणि २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन दप्तराबरोबर शाळांच्या या जुन्या वह्याही उघडल्या गेल्या. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला. शोध पुन्हा जातीच्याच रकान्याचा.

प्रगतीचा रकाना भरण्याचा खरा प्रयत्न आमच्या डोळ्यांदेखत झाला. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे ठरले, आणि २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षअखेरच्या एका परीक्षेऐवजी गुरुजींनी मुलाचे बोलणे, वाचन, प्रयोग, गटातले काम वर्षभर पाहावे आणि गुणांबरोबर वर्णनात्मक नोंद लिहावी: 'गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो', 'हातच्याची वजाबाकी करताना चुकते'. माझ्या मते शासनाच्या कागदावर इतकी सुंदर कल्पना क्वचितच उतरली असेल. कारण अशी नोंद लिहायची तर मुलाजवळ बसावेच लागते. मग काय झाले? तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या. दोन-दोन वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या, वर जनगणना आणि निवडणुकीची कामे करणाऱ्या शिक्षकाने त्यातून ओळी उतरवल्या, तर नवल काय? 'चांगली' हा एक शब्द जाऊन तेथे एक वाक्य आले, इतकेच. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि पुढे पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा महाराष्ट्रात परत आली.

वहीबाहेर जाऊन विचारण्याचे काम 'प्रथम' या संस्थेने केले. २००५ पासून 'असर' पाहणीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलापुढे एक कागद ठेवतात: काही अक्षरे, काही शब्द, एक सोपा उतारा, एक छोटी गोष्ट. मूल वाचते किंवा अडखळते. पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते, असे देशभरचे चित्र या पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. ती सारी मुले पटावर आहेत, आणि त्यांचे प्रगतिपत्रक घरी पालकांच्या सहीसाठी येतेच.

परतीच्या एसटीत गृहस्थांनी उतारा घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढला. वडिलांजवळ एक जुनी प्रार्थनेची वही असे, ती ते रविवारी मिस्साला उघडून धरीत, असे त्यांनी सांगितले. "आम्हाला वाटायचं नुसतीच धरतात. पाठ आहे म्हणून ओठ हलतात." थोडा वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "पण पान बरोबर उलटायचे, फादर. ते मात्र कधी चुकले नाहीत."