जझीरा, जंजिरा आणि हबशी

उर्दूत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात. हा अरबी शब्द मराठीत रुळला आणि त्याचा ‘जंजिरा’ झाला. वर्गात अर्थ विचारला की मुलं हटकून ‘साखळी’ सांगतात, कारण त्यांच्या डोक्यात ‘जंजीर’ असते. अनेकवचन ‘जझाइर’. वेस्ट इंडिजला उर्दूत ‘जझाइर गर्बुल हिंद’ म्हणतात, म्हणजे पश्चिम हिंदची बेटं.

आम्हा बीडकरांना पाण्यातली वास्तू म्हणजे कुंडात उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर. जंजिऱ्यासाठी नगर, पुणे करत पार मुरुडला जावं लागतं, तिथून राजपुरीचा धक्का, मग शिडाची होडी. नावाडी वारा बघून शीड फिरवतो. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मी गेलो तेव्हा होडी लाटेवर वरखाली होत होती. नावाड्याचा हात धरून पायरीवर नेमका पाय टाकायचा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. आत बहुतेक लोक कलाल बांगडी तोफेपाशी फोटो काढतात. मी मात्र गोड्या पाण्याच्या तलावापाशी जास्त वेळ थांबलो. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये पिण्याचं पाणी. याच्यावरच तर वेढे सोसले गेले.

‘अजिंक्य’ हा शब्द तिथे वारंवार ऐकू येतो. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनारा आणि बेट यांमधली खाडी बुजवून वाट काढायचा प्रयत्न केला होता. काही जण या लढाईकडे हिंदू-मुसलमान म्हणून बघतात. मला ती समुद्रावरच्या सत्तेची लढाई वाटते. सिद्दींनी कोकणातली गावं लुटली, हेही लपवायचं कारण नाही. त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं.

पण खरा प्रश्न हे हबशी कोण, हा आहे. त्याच आफ्रिका खंडातून लाखो माणसं जहाजांत कोंबून कॅरिबियन बेटांवर नेली गेली, ऊस पिकवायला. ऊसतोडीच्या आमच्या जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, जरी आमचा मजूर कुणाची मालमत्ता नसला तरी. त्या बेटांवर गुलामाचं मूल गुलामच राही. हैतीच्या गुलामांना बंड करून, रक्त सांडून १८०४ मध्ये स्वतःचा देश मिळवावा लागला.

दख्खनमध्ये विकत आणलेला हबशी मात्र फौजेत जाई आणि वर चढू शके. मलिक अंबर इथिओपियातून विकला गेलेला मुलगा. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान स्वतःही हबशीच. पुढे अंबरच निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. म्हणून गुलामी गोड होती असं नाही. आईबापांपासून तोडलेलं पोर ते पोरच.

त्याची कबर खुलताबादला आहे, बीडहून जंजिऱ्यापेक्षा कितीतरी जवळ. औरंगजेबाच्या कबरीकडे जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात.